जाळून राखलेलें कुरण

घरच्या चुलींत असतो तोंवर विस्तव अन्नदाता, आणि चुलीबाहेर पडला कीं तोच वैरी, हें आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक असतें. रानांतल्या विस्तवाविषयीं मात्र असा भेद आपण करीत नाहीं. उन्हाळ्यांत रात्रीं डोंगरावर वणव्याची तांबडी रेघ दिसली कीं ‘रान जळलें’ एवढेंच आपल्या तोंडून निघतें. तो कोणीं लाविला, कोणत्या महिन्यांत लाविला, किती भूमि जळली आणि किती मुद्दाम राखली, हें विचारावयाची आपणांस संवय नाहीं. गुरांचीही गोष्ट तीच. आग रान जाळते, गुरें रान खातात. तेव्हां दोहोंपासून रान बंद करावें म्हणजे तें आपोआप भरेल, अशी सुशिक्षितांची सरसकट समजूत असते. झाडांच्या रानाला ही समजूत पुष्कळ अंशीं लागू पडते. गवताच्या रानाला ती लागू पडत नाहीं. आणि तिच्यापायीं कित्येक ठिकाणीं रान राखण्याच्या नादांत लोकांनीं गवत गमाविलें आहे.

या विषयाचा फार कसून अभ्यास जेथें झाला, अशा अमेरिकेंतील एका डोंगराळ कुरणाची हकीकत आज वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तेथें आग लावावी कीं लावूं नये, हा वाद जाणत्यांत राहिलेला नाहीं. वाद आहे तो सारेंच रान दरवर्षीं जाळावें कीं वांटणी करून पाळीपाळीनें जाळावें, याविषयीं. आणि त्या वादाच्या निकालावर एका पक्ष्याचें भवितव्य अवलंबून आहे.

गारगोटीच्या टेकड्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ऐन मध्यभागीं कॅन्सस नांवाचें संस्थान आहे. त्याच्या पूर्व भागांतून टेकड्यांची एक ओळ दक्षिणोत्तर गेली असून तिचें दक्षिणेकडील टोंक शेजारच्या ओक्लाहोमा संस्थानांत उतरतें. या ओळीस फ्लिंट हिल्स, म्हणजे गारगोटीच्या टेकड्या, असें नांव आहे. ओक्लाहोमांतील भागास तेथील ओसेज लोकांवरून ओसेज टेकड्या म्हणतात. जमिनीखालीं चुनखडीचे थर, त्या थरांत गारगोटीच्या पट्ट्या, आणि वर मातीचें पातळ पांघरूण, अशी येथील रचना आहे.

युरोपांतून आलेले वसाहतवाले या खंडाच्या मध्यभागीं पोंचले त्या वेळीं उंच गवताचा प्रदेश सुमारें १७ कोटी एकर पसरलेला होता. त्यास ते प्रेअरी म्हणत. त्या गवताच्या मुळांनीं हजारों वर्षें खपून जी काळी कसदार माती केली होती, तीच त्याच्या जिवावर उठली. पोलादी नांगर आला, आणि एकदोन पिढ्यांच्या अवधींत बहुतेक प्रेअरी मक्याच्या व इतर धान्यांच्या शेतांखालीं गेली. आज त्या १७ कोटींपैकीं शेंकडा चारांहूनही कमी भाग मूळ स्वरूपांत उरला आहे, आणि त्यांतला बहुतेक या टेकड्यांवर आहे. गारगोटीपुढें नांगराचें कांहीं चाललें नाहीं, म्हणून तेथील गवत वांचलें.

या गवतांत मुख्य जाती चार. त्यांतील थोरलें ब्लूस्टेम नांवाचें गवत चांगल्या पावसाच्या वर्षीं सखल जागीं माणसाच्या डोक्यावर जातें, आणि त्याचीं मुळें तितकींच, किंबहुना अधिक खोल उतरतात. हिंवाळा आला कीं वरचें सारें वाळून तांबूस होतें. पण गवताचा जीव ठोंबाच्या बुडाशीं, मातीच्या आड, शाबूद असतो. ही एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. झाडाचा वाढता अंकुर शेंड्यास असतो, म्हणून शेंडा जळला कीं झाडाची वाढ खुंटते. गवताचा अंकुर त्या ऋतूंत भुईखालीं असतो. ज्वाला क्षणांत पुढें निघून जाते आणि बोटभर खोलीवरील मातीस तिची फारशी धगही लागत नाहीं.

न जाळल्यास काय होतें

या टेकड्यांवर वर्षास सरासरी बत्तीस-तेहतीस इंच पाऊस पडतो. एवढ्या पावसावर झाडें सहज वाढतात. मग तेथें अरण्य कां नाहीं? कारण आगीनें तें होऊं दिलें नाहीं. लाल सीडर म्हणून ज्युनिपरच्या कुळांतील एक झाड तिकडे आहे. त्याचीं फळें पक्षी खातात आणि बीं सर्वत्र टाकतात. रोप लहान असतांना आग लागली तर तें मरतें व बुंध्यापासून पुनः फुटत नाहीं. परंतु आग थांबविली कीं सुमारें चाळीस वर्षांत कुरणाचे गच्च रान होतें, आणि त्याच्या सांवलींत प्रेअरीचें गवत उरत नाहीं. गवतावर जगणारे पक्षी, फुलें आणि कीटक त्याच्या मागोमाग जातात.

या गोष्टीची पारख करण्यासाठीं कॅन्सस विद्यापीठनगरी मॅनहॅटनजवळ १९७१ सालीं कॉन्झा प्रेअरी नांवाचें संशोधनक्षेत्र सुरू झालें. तेथील कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटींतील वनस्पतिशास्त्रज्ञ लॉइड हुल्बर्ट हे त्याचे प्रवर्तक. आज तें ८,६०० एकरांहून मोठें आहे. त्याचे ओढ्यांच्या पाणलोटांप्रमाणें भाग पाडलेले असून कोणता भाग दरवर्षीं, कोणता दोन वर्षांनीं, कोणता चार वर्षांनीं, तर कोणता वीस वर्षांनीं जाळावयाचा हें ठरलेलें आहे. कित्येक दशकें हा नेम चालल्यामुळें एका टेकडीवर उभें राहून शेजारच्या दोन उतारांवरील फरक साध्या डोळ्यांनीं दिसतो. एकीकडे स्वच्छ गवत, दुसरीकडे झुडपांचीं बेटें.

आगीनें गवतास जोम येतो तो कशामुळें, हाही प्रश्न हुल्बर्ट यांनीं सोडविला. राखेचें खत मिळतें म्हणून, असें कोणीही म्हणेल. त्यांनीं कांहीं तुकडे जाळले, आणि कांहीं तुकड्यांवरील वाळकें गवत न जाळतां नुसतें कापून उचलून नेलें. दोन्ही ठिकाणीं गवत सारखेंच फोंफावलें. अर्थात् मोठें कारण राख नव्हे. मागील वर्षांचें काड भुईवर गादीसारखें पसरलें कीं खालच्या कोंभास ऊन मिळत नाहीं आणि माती थंड राहते. तें ओझें उतरलें कीं ऊन भुईस लागतें व गवत उठतें. आग हें काम एका दुपारीं, शेंकडों एकरांवर, एका पैचीही मजुरी न घेतां करते.

परंतु याच क्षेत्रांत दुसरेंही एक सत्य निघालें. नुसती आग पुरत नाहीं. दरवर्षीं जाळलेल्या पण कोणीं न चारलेल्या भागांत उंच गवत इतकें माजतें कीं त्याच्या गर्दींत फुलझाडें व बारीक वनस्पति गुदमरतात. १९८७ सालीं कॉन्झावर बायसन, म्हणजे तिकडील दाट आयाळीचा रानबैल, परत आणून सोडण्यांत आला. त्यानंतरच्या सुमारें तीस वर्षांच्या नोंदी २०२२ सालीं प्रसिद्ध झाल्या. बायसन चरत असलेल्या जागीं देशी वनस्पतींच्या जातींची संख्या, तो नसलेल्या जागेच्या मानानें, दुप्पट झाली होती. पाळीव गुरांनींही ती वाढली, पण तितकी नव्हे. बायसन मुख्यतः गवत खातो व फुलझाडें सोडतो; त्यामुळें दांडग्यांचा जोर कमी होऊन दुबळ्यांस जागा मिळते.

आग आणि जनावर यांची जुनी भागी

हीं दोन साधनें मनुष्यानें विद्यापीठांत जुळविलीं असें मात्र नव्हे. विजेनें लागणाऱ्या आगींखेरीज कॉ, ओसेज वगैरे मूळचे रहिवासी स्वतः प्रेअरी जाळीत. कारण जळलेल्या भुईवर कोंवळें गवत येतें आणि कोंवळ्या गवतावर बायसन येतो, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. या कॉ लोकांच्या कान्झा या नांवावरूनच कॅन्सस हें नांव पडलें आहे.

या व्यवस्थेंत एक सुरेख चक्र होतें. जळलेल्या तुकड्यावर कळप जमे व तेथील गवत खुरटें करून टाकी. खुरट्या गवतांत पुढच्या वर्षीं आगीस खाद्य नसे. म्हणून ती त्या तुकड्यास वळसा घालून जेथें कळप गेला नव्हता तेथें जाई. मग कळपही तिच्या मागून तिकडे वळे, आणि पहिल्या तुकड्यास विसांवा मिळे. आगीनें जनावरास बोलवावें आणि जनावरानें आगीस अडवावें, असा हा परस्परांचा व्यवहार होता. त्यामुळें प्रेअरीवर केव्हांही पाहिलें तरी कोठें काळी भुई, कोठें आंखूड हिरवळ, कोठें फुलें, कोठें कमरेएवढें जुनें गवत, असे चौकट्यांच्या गोधडीसारखे तुकडे नांदत असत, आणि ते दरवर्षीं जागा बदलीत.

एकोणिसाव्या शतकांत ही भागी मोडली. कातड्यांसाठीं बायसनची इतकी कत्तल झाली कीं १८८९ सालीं विल्यम हॉर्नडे यांनीं गणती केली तेव्हां पाळलेलीं धरूनही सबंध उत्तर अमेरिकेंत सुमारें अकराशें जनावरें उरलीं होतीं. एके काळीं त्यांची संख्या कोट्यवधि होती. १८७० नंतरच्या दोनचार वर्षांत ओसेज व कॉ या दोन्ही लोकांस कॅन्ससमधून हलवून दक्षिणेस धाडण्यांत आलें. त्यांच्या जागीं आगगाडीनें टेक्सासमधून गुरें येऊं लागलीं. गुरेवाल्यांस लौकरच उमजलें कीं जाळलेल्या कुरणावर जनावर चांगलें भरतें. जुन्या रहिवाशांचा विस्तव अशा रीतीनें नव्या धन्यांच्या हातीं आला. पण त्याचा जुना हिशेब त्यांच्याबरोबर आला नाहीं.

आग कशी लावतात

येथें थोडें थांबून प्रत्यक्ष कृति सांगणें अवश्य आहे. कारण वणवा आणि योजून लाविलेली आग यांतील अंतर कृतींत आहे.

तयारी आधींपासून असते. ज्या भागाची पाळी, त्याच्या भोंवतीं रस्ता, ओढा किंवा गवत कापून केलेली जाळरेषा असावी लागते. त्या दिवशीं सकाळीं शेजाऱ्यांस व सरकारी अग्निशामक दलास वर्दी देतात. मग वारा आणि हवेंतील ओलावा पाहतात. वारा ताशीं पांच ते पंधरा मैल, आणि ओलावा शेंकडा चाळीस ते सत्तर, हें सामान्यतः योग्य मानतात. वारा अगदींच पडलेला असणें हें वाचकांस सुरक्षित वाटेल. पण तें धोक्याचें असतें, कारण पडलेला वारा कोणत्या दिशेनें उठेल याचा नेम नसतो, आणि धूरही वर न जातां भुईवर तुंबून राहतो. अंगांत सुती कपडे व कातडी जोडे असतात. नायलॉनसारखें कापड धगीनें वितळून अंगास चिकटतें.

आरंभ वारा जिकडे वाहत असतो त्या टोंकास करतात. डिझेल व पेट्रोल यांच्या मिश्रणानें भरलेल्या, वात लाविलेल्या डब्यांतून थेंब थेंब जाळ सांडीत एक मनुष्य जाळरेषेच्या आंतल्या कांठानें चालतो. ही आग वाऱ्याच्या उलट, मागें मागें, अगदीं सावकाश सरकते. तिच्या मागून पाण्याची टांकी घेतलेली गाडी आणि रबरी झडपणीं घेतलेलीं माणसें असतात. रेषेबाहेर ठिणगी पडली कीं विझवावयाची. अशी बरीच रुंद काळी पट्टी तयार झाली म्हणजे दोन्ही बाजूंच्या कांठांस आग लावीत वर जातात. सर्वांत शेवटीं, वारा जिकडून येतो त्या कांठास विस्तव देतात. ही आग वाऱ्याच्या पाठबळानें माणसाहून उंच ज्वाला करीत धांवत सुटते, आणि काळ्या पट्टीस भिडली कीं खाद्याअभावीं जागच्या जागीं विझते. काम करणाऱ्यांस पहिला धडा हाच देतात कीं कांहीं चुकलें तर न जळलेल्या गवताकडे पळूं नये. जळून गेलेल्या काळ्या भुईवर यावें. ती सर्वांत निर्धास्त जागा.

ज्वाला विझल्यानें काम संपत नाहीं. वाळलेलें शेण, जुने बुंधे हे दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत असतात. ते शोधून विझवावे लागतात. दोन आठवडे लोटतात न लोटतात तोंच काळ्या टेकडीवर पोपटी लव उठते.

नफ्याचा हिशेब आणि पक्ष्याचा हिशेब

आतां वादाकडे येऊं. एप्रिलच्या उत्तरार्धांत जाळलेल्या कुरणावर तरुण बैलांचें वजन, न जाळलेल्या कुरणाच्या मानानें, शेंकडा दहाबारांनीं अधिक वाढतें. जनावर वजनावर विकलें जात असल्यामुळें हा फरक म्हणजे सरळ रोकड. पुढें कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटींतच अशी पद्धति बसविण्यांत आली कीं सारें कुरण दर वसंतांत जाळावें, त्यावर नेहमींच्या दुप्पट जनावरें सोडावीं, आणि जुलैच्या मध्यावर तीं काढून घ्यावीं. म्हणजे उरलेल्या मोसमांत गवताची मुळें सांवरतात. गवताच्या दृष्टीनें ही पद्धति निर्दोष ठरली. वर्षानुवर्षें चालवूनही गवत खालावलें नाहीं. गुरेवाल्यांनीं ती उचलली, यांत त्यांचा दोष काढतां येत नाहीं.

पण त्याच कुरणांत प्रेअरी कोंबडी नांवाचा, आपल्या तित्तिरांच्या कुळांतला, अंगावर पिंगट पट्टे असलेला पक्षी राहतो. मार्च ते मे या महिन्यांत नर पहांटेस उघड्या टेंकाडांवर जमतात, मानेजवळच्या नारिंगी पिशव्या फुगवून दूरवर ऐकूं जाणारा घुमारा काढतात, आणि पाय आपटीत नाचतात. या नाचासाठीं त्यांस आंखूड गवत हवें. मादी घरटें करते तें मात्र मागील वर्षाच्या उभ्या वाळक्या गवतांत. तेथें दहाबारा अंडीं घालून ती सुमारें पंचवीस दिवस निश्चल बसते, आणि तिच्या अंगाचा रंग व गवताचा रंग एक असणें हेंच तिचें संरक्षण. पिलें निघालीं कीं त्यांस तिसरीच जागा लागते. पायांस अडणार नाहीं इतकी विरळ भुई, वर फुलझाडांचें छत्र, आणि खावयास कीटक. या तिन्ही जागा एकमेकींच्या जवळ असाव्या लागतात. सारा तालुकाच्या तालुका एका पंधरवड्यांत जाळला, तर नाचण्यास जागा हवी तेवढी. पण घरट्यास एकही नाहीं. आगीच्या ज्वालेनें हा पक्षी मरतो असें नव्हे. तो निवाऱ्याच्या अभावानें मरतो. मादी मग मिळेल त्या उघड्या जागीं बसते आणि कोल्ह्याकुत्र्यांस व सापांस आयती सांपडते.

तर मग मुळींच जाळूं नये, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर याच पक्ष्याच्या पूर्वेकडील भावंडानें देऊन ठेविलें आहे. अटलांटिक किनाऱ्यावर हीथ हेन नांवाची याची एक उपजाति होती. शिकारीमुळें ती सगळीकडून नाहींशी होऊन मार्थाज व्हिन्यर्ड या एका बेटावर उरली. १९०८ सालीं तिच्यासाठीं तेथें राखीव क्षेत्र करण्यांत आलें, आणि शंभराच्या आंत आलेली संख्या आठ वर्षांत दोन हजारांच्या घरांत गेली. परंतु मे १९१६ मध्यें, माद्या अंड्यांवर असतांना, वाऱ्याच्या जोरानें वणवा पेटला आणि त्यानें विणीचें बहुतेक क्षेत्र व्यापलें. खांडववन जळालें तेव्हां जरितेचीं चार पिलें अग्नीच्या कृपेनें वांचलीं, असें महाभारत सांगतें. येथें तशी कृपा झाली नाहीं. पाठोपाठ कडक हिंवाळा व शिकारी पक्षी आले. पुढच्या वसंतांत दीडशेंच्या आसपास पक्षी राहिले, आणि १९३२ नंतर या जातीचा एकही पक्षी कोणास दिसला नाहीं. पुढें कित्येक अभ्यासकांनीं या घटनेचा अर्थ असा लाविला कीं लहान आगी अडवून धरल्या कीं जळाऊ झुडूप सांचतें, आणि मग एकच मोठी आग सर्वस्व नेते.

पाळीपाळीनें

२००१ सालीं ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटींतील सॅम्युएल फूलेनडॉर्फ व डेव्हिड एंगल या दोघांनीं एक निबंध लिहून ही कोंडी फोडण्याचा मार्ग दाखविला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं कुरणशास्त्रानें आजवर सर्वत्र गवत एकसारखें राखणें हेंच ध्येय मानलें. जुन्या प्रेअरीचा प्राण मात्र विषमतेंत होता. म्हणून कुरणाचे तीन भाग कल्पावे आणि दरवर्षीं एकच जाळावा. मध्यें कुंपण घालूं नये. गुरांस हांकावेंही लागत नाहीं. जळलेल्या तुकड्यावर कोंवळें गवत आलें कीं तीं आपण होऊन तिकडे जातात व चरण्याचा बहुतेक वेळ तेथेंच घालवितात. म्हणजे बायसनचेंच जुनें चक्र, पाळीव जनावरांकडून.

पहिल्या वर्षीं तो तुकडा खुरटा राहतो. तेथें प्रेअरी कोंबडीनें नाचावें. दुसऱ्या वर्षीं गुरें नव्या तुकड्याकडे वळतात आणि येथें फुलझाडें व कीटक माजतात. तेथें पिलांनीं चरावें. तिसऱ्या वर्षीं गवत उंच व दाट होऊन खालीं काड सांचतें. तेथें मादीनें घरटें करावें. हेन्स्लोची चिमणी म्हणून एक लहान पक्षी आहे, तोही या जुन्या काडावांचून राहत नाहीं. चौथ्या वर्षीं त्या तुकड्यांतच जळण सर्वांत अधिक असल्यामुळें आगीची पाळी पुनः त्याचीच. अशा कुरणांत प्रेअरी कोंबडीच्या माद्या न जळलेले भाग निवडून घरटीं करतात, असें कॅन्ससमधील पाहणींत आढळलें आहे. आणि ओक्लाहोमांत अनेक वर्षें तुलना करून पाहतां गुरांच्या वजनांतही तोटा दिसला नाहीं.

ओसेज टेकड्यांवर नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनें १९८९ सालीं २९,००० एकरांचें एक गुरांचें ठाणें विकत घेतलें, पुढें त्यांत भर घातली, आणि १९९३ सालीं तेथें ३०० बायसन सोडले. आज तो कळप दोन हजारांहून मोठा असून त्याच्या क्षेत्राचा सुमारें तिसरा हिस्सा दरवर्षीं, निरनिराळ्या ऋतूंत, जाळण्यांत येतो. स्वतः ओसेज राष्ट्रानेंही २०१६ सालीं आपल्या जुन्या भूमींतील ४३,००० एकरांचें एक ठाणें परत विकत घेतलें.

तरीही ही पद्धति सर्वत्र पसरलेली नाहीं, आणि त्याचीं कारणें आपल्याकडील जमीनदारीच्या व्यवहाराशीं परिचित असलेल्या वाचकांस नवीं वाटणार नाहींत. कुरणाचा धनी दूर शहरांत, गुरें तिसऱ्याचीं, आणि करार एका मोसमाचा. एका मोसमापुरत्या कुळानें तीन वर्षांचा विचार कां करावा? शिवाय सारें रान एकदम जाळणें एका दिवसाचें काम; तुकडे पाडले कीं जाळरेषा वाढतात व मनुष्यबळ अधिक लागतें. आणि जळलेला तुकडा गुरांनीं पार बोडका केलेला पाहून नीटनेटकेपणाची हौस असलेल्या शेतकऱ्याचें मन कचरतें.

धुराचाही प्रश्न आहे. मोसमाच्या थोडक्या आठवड्यांत या टेकड्यांवर सुमारें वीस लक्ष एकर, कांहीं वर्षीं त्याहूनही अधिक, गवत जळतें. तो धूर कॅन्सस सिटी, लिंकन, ओमाहा अशा नगरांवर जातो आणि दम्याच्या रोग्यांस त्याचा त्रास होतो. म्हणून २०१० सालीं कॅन्सस सरकारनें धुराचें नियमन करणारी योजना केली. एप्रिलच्या उत्तरार्धावांचून जाळलें तर गवत बिघडतें ही जुनी श्रद्धा या कामीं आडवी येत होती. परंतु कॉन्झावरील वीस वर्षांच्या नोंदी २०१४ सालीं प्रसिद्ध झाल्या, त्यांत शरदांत वा हिंवाळ्यांत जाळल्यानेंही गवताची हानि होत नाहीं असें ठरलें. जाळण्याचे दिवस वर्षभर वांटले गेले, तर नगरांचा त्रास हलका होईल आणि पक्ष्यांसही विविध निवारा मिळेल.

आपल्याकडे पाहतां

हिंदुस्थानांतील एक उदाहरण या संबंधांत अवश्य सांगितलें पाहिजे. राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव पक्षिधामांत १९८२ सालीं गुरांची चराई एकाएकीं बंद करण्यांत आली. गांवकऱ्यांनीं विरोध केला, पोलिसांनीं गोळीबार केला, आणि माणसें प्राणांस मुकलीं. एवढी किंमत देऊन मिळालें काय? म्हशींनीं आजवर खाऊन मर्यादेंत ठेविलेलें पाणगवत माजलें आणि ज्या उथळ पाण्यासाठीं पक्षी येत, तेंच त्यानें झांकलें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें तेथें दहा वर्षें अभ्यास करून असाच निष्कर्ष काढला कीं चराईबंदीनें पाणथळीस अपाय झाला.

महाराष्ट्रांतील माळरानांस कॅन्ससचें माप जसेंच्या तसें लावूं नये. सोलापुराकडील माळावर पाऊस वीसपंचवीस इंच; माती, गवत, ऋतु सर्व निराळें. आग लावा, असा उपदेश आम्ही कोणास करीत नाहीं. राखीव वनांत विस्तव टाकणें १९२७ च्या वनकायद्यानें गुन्हाही आहे. सह्याद्रीवर दरवर्षीं ज्या आगी लागतात, त्यांत योजना, पाळी, जाळरेषा यांपैकीं कांहींच नसतें. त्या वणव्यांचें समर्थन या लेखांतून कोणी काढूं नये.

परंतु मूळ प्रश्न मात्र येथेंही तोच आहे. माळढोकासाठीं सोलापूर व नगर या जिल्ह्यांत १९७९ सालीं अभयारण्य झालें. तो पक्षी आज महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. त्याचीं कारणें अनेक असून त्यांत माळ नांगराखालीं जाणें हें मोठें आहे. त्यालाही नाचावयास उघडा माळ आणि घरट्यास कांहीं आडोसा लागतो. असा माळ आम्ही ‘पडीक’ म्हणतों, आणि त्याचें कल्याण करावयाचें मनांत आलें कीं पहिली गोष्ट म्हणजे खड्डे खणून झाडें लावतों. दिवाळीनंतर कोंकणांत उतरून पावसाळ्याच्या तोंडीं देशावर परतणारा धनगर हा कुरणास एके ठिकाणीं ताण व दुसरे ठिकाणीं विसांवा देणारा जुना कारभारी होय. पण त्यास आम्ही रानाचा शत्रु समजतों.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं वडिलार्जित माळ अद्यापि असेल, आणि त्याचें काय करावें याचा विचार ओसरीवर बसून होत असेल. त्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे. सबंध माळास एकच नियम लावूं नये. सारा मोकळा सोडूं नये, सारा बंद करूं नये, आणि सारा झाडांनीं भरूं नये. यंदा कोणता भाग गुरांनीं खावा, कोणता कापावा, आणि कोणता जुन्या गवतासह तसाच उभा राहूं द्यावा, हें दरवर्षीं ठरवावें, आणि पुढच्या वर्षीं पाळी बदलावी. भावाभावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावण्याचा सराव आपल्या घराण्यांस आहेच. गवताच्या पाळ्या लावणें त्याहून कठीण नाहीं.